युट्रोफिन आणि के डेव्हिस यांचे संशोधन

युट्रोफिन हे स्नायुपेशीचे आवरण आणि आतला ॲक्टिन या प्रथिनाचा सांगाडा यांना जोडणारे प्रथिन आहे. ड्युशेन स्नायुक्षय या आनुवंशिक आजारात जे डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही, त्याचे हे सख्खे भावंड म्हणता येईल. डिस्ट्रोफिनअभावी प्रत्येक आकुंचनाला आवरण फाटते, कॅल्शियम आत शिरते, क्रिएटिन कायनेज हे स्नायूतले विकर (एन्झाइम) रक्तात उतरते आणि मरणाऱ्या तंतूंच्या जागी चरबी व तंतुमय ऊतक भरत जाते. ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ डेम के डेव्हिस (जन्म 1951, स्टोरब्रिज) यांची बहुतेक कारकीर्द या आजाराभोवती गेली.

सुरुवात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात बॉब विल्यमसन यांच्या प्रयोगशाळेत झाली. आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो, म्हणून जनुक एक्स गुणसूत्रावर असणार हे माहीत होते. नेमके कुठे, ते नव्हते. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी चार एक्स गुणसूत्रे असलेल्या पेशी वाढवल्या, फ्लो सायटोमीटर या लेझरच्या साहाय्याने निवड करणाऱ्या यंत्राने एक्स गुणसूत्रे वेगळी केली आणि त्यांच्या डीएनए तुकड्यांचा संग्रह 1981 मध्ये तयार केला. त्यातला आरसी-8 हा तुकडा कुटुंबांमध्ये आजाराबरोबर वारशाने जातो, हे 1982 मध्ये दिसले. असा तुकडा म्हणजे जनुकाचा माग दाखवणारी खूणच. पुढच्याच वर्षी एल1.28 ही दुसरी खूण जनुकाच्या दुसऱ्या बाजूला असल्याचे ठरले. जनुक हाती नसतानाही वाहक स्त्रिया ओळखण्याची वाट यातून खुली झाली.

या पद्धतीच्या मर्यादा मात्र कडक होत्या. बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल, म्हणजे पुनःसंयोग, होतो आणि त्यात खूण व जनुक एकमेकांपासून सुटू शकतात. दोन्ही खुणा जनुकापासून साधारण 15 ते 20 टक्के पुनःसंयोगाच्या अंतरावर होत्या. एकीवरच विसंबले तर पाच-सहा निदानांत एक चुकण्याचा धोका. दोन्ही जुळल्या तर तो 3 ते 6 टक्क्यांवर येई. आईच्या दोन एक्स गुणसूत्रांवर खुणेची रूपे वेगळी नसतील, तर त्या कुटुंबात चाचणी निरुपयोगीच. शिवाय सुमारे एक तृतीयांश रुग्णांत बिघाड नव्यानेच उद्भवलेला असतो. तेव्हा आई वाहक आहे की नाही, हे अशा खुणांवरून ठरत नाही. पुढे लुई कुंकेल यांच्या बोस्टनमधील गटाने जनुक मिळवले आणि 1987 मध्ये डिस्ट्रोफिन ओळखले. सुमारे 22 लाख बेसजोड्या आणि 79 एक्सॉन (प्रथिनाची माहिती असलेले तुकडे) असलेल्या या अवाढव्य जनुकातच पुनःसंयोग होत असल्याने आतल्या खुणाही कधी कधी दगा देत.

पाठीच्या कण्यातील चेतापेशी मरतात त्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफीचे स्थान 1990 मध्ये गुणसूत्र 5 वर निश्चित करण्याच्या कामातही डेव्हिस यांचा सहभाग होता.

युट्रोफिनचा शोध 1989 मध्ये, ऑक्सफर्डला डेव्हिस यांच्याच गटात लागला. डिस्ट्रोफिनशी जुळणारा आरएनए स्नायूत आढळला, पण त्याचे जनुक एक्सवर नसून गुणसूत्र 6 वर निघाले. गर्भाच्या स्नायूत हे प्रथिन संपूर्ण आवरणाखाली असते. प्रौढपणी मुख्यतः चेता-स्नायू संधी आणि स्नायू-कंडरा संधीपुरते उरते. रुग्णाचे युट्रोफिन जनुक शाबूत असते. ते पुन्हा जास्त चालवले, तर बिघाड कोणत्या एक्सॉनमध्ये आहे हा प्रश्नच उरत नाही आणि शरीराला हे प्रथिन परकेही वाटत नाही. या युक्तिवादातच डेव्हिस यांच्या कामाचे खरे मोल आहे. डिस्ट्रोफिन नसलेल्या एमडीएक्स उंदरांत जादा युट्रोफिन घातल्यावर स्नायू सुधारले, हे 1996 मध्ये त्यांच्या गटाने दाखवले. बदली पूर्ण नसते: एनएनओएस या विकराला बांधणारी डिस्ट्रोफिनमधील जागा युट्रोफिनमध्ये नाही, त्यामुळे व्यायामाच्या वेळी स्नायूतला रक्तप्रवाह सांभाळण्याचे काम अपुरे राहते.

उंदरातला जनुकबदल आणि मुलाला देता येणारे औषध यांत मोठे अंतर आहे. युट्रोफिन वाढवण्यासाठीच्या एझुट्रोमिड या तोंडावाटे घ्यायच्या औषधाच्या चाचणीत 24 आठवड्यांनंतर आशादायक संकेत मिळाले, पण 48 आठवड्यांना ते टिकले नाहीत आणि 2018 मध्ये त्याचा विकास थांबला. औषध आतड्यातून नीट शोषले जात नसे आणि यकृतात लवकर मोडले जाई. ते नेमके कुठे काम करते हेही तोवर स्पष्ट नव्हते. एएचआर या पेशीतल्या ग्राहीला (संकेत स्वीकारणाऱ्या प्रथिनाला) ते अडवते, हे 2020 मध्ये ऑक्सफर्डच्या गटाने मांडले. त्यामुळे युट्रोफिन वाढवणाऱ्या नव्या रेणूंच्या शोधाला एक नेमके लक्ष्य मिळाले.