रश्श्यावरचा तवंग आणि ग्लासातले थर

गेल्या महिन्यात भाच्यानं माडीवर बी-५२ नावाचा शॉट, म्हणजे एका घोटात प्यायची थरांची दारू, करायला घेतला. इवल्याशा ग्लासात तळाला कॉफी लिक्युअर (लिक्युअर म्हणजे गोड दारू), मध्ये आयरिश क्रीम (दुधाची साय आणि व्हिस्कीचं लिक्युअर), वर संत्र्याचं लिक्युअर. पहिल्या खेपेला गडी फसला. "क्रीम म्हंजे साय, ती वरच येणार की मामा," म्हणून त्यानं क्रीम शेवटी ओतलं, ते संत्र्यात घुसलं आणि सगळा गढूळ काला झाला. दुसऱ्यांदा जमलं तेव्हा म्हणाला, "तांबड्या रश्श्यावरच्या तवंगागत हाय. मिसळतच न्हाई."

तसं नाही. तवंगाचं तेल पाण्यात विरघळतच नाही. या थरांत मात्र पाणी, अल्कोहोल आणि साखर हाच मुख्य ऐवज. ते एकमेकांत खुशाल मिसळतात. थर लागतात ते घनतेमुळे. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं (पाणी १ धरलं तर ०.७९), साखर द्रावण जड करते. कॉफी लिक्युअरची घनता साधारण १.१४, आयरिश क्रीमची १.०५, संत्र्याच्या लिक्युअरची १.०३ च्या आसपास. क्रीममधली चरबी हलकी खरी, पण तिचे कण इतके बारीक फोडलेले असतात की साय धरत नाही, आणि सोबतची साखर सगळा हिशेब जड करते.

मग मिसळू शकणारे थर मिसळत का नाहीत? मला यातला हाच भाग फार आवडतो. रेणू धक्के खात वाट्टेल तिकडे भटकतात, त्याला विसरण म्हणतात. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. पाण्यात साखरेला एक मिलिमीटर सरकायला साधारण १७ मिनिटं लागतात, एक सेंटिमीटरला २८ तास! दाट लिक्युअरमध्ये त्याहून जास्त. उलट एक शतांश मिलिमीटरला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. चमचा नेमकं हेच करतो: थरांच्या घड्यांवर घड्या घालून त्यांना पातळ करत नेतो, शेवटचं मिसळणं रेणूच उरकतात. म्हणून ओतताना उलट्या चमच्याच्या पाठीवरून, ग्लासाच्या कडेला धरून, हळू ओतायचं. धारेचा जोर मोडला की घड्या पडत नाहीत.

आमच्या आत्यानं खालून आवाज दिला, दूध नि दारू एकत्र प्यायलास तर कोड येईल. दुधावर मासे खाल्ले तरी येतं म्हणतात. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशी मारते. ताटात काय होतं याच्याशी तिला देणंघेणं नाही. दारूचे खरे तोटे वेगळे आहेत आणि ते पुरेसे आहेत.

न पिणाऱ्यांनी काकवी घ्यावी. ग्लासात तळाला काकवी, त्यावर उलट्या चमच्यावरून साखरेचं रंगीत पाणी, वर साधं पाणी. रात्री ओट्यावर ठेवा, हलवू नका. सकाळी रंगाची वरची कड पट्टीनं मोजा: चार-पाच मिलिमीटर पुसट झालेली दिसेल. भाच्याला एवढा धीर नव्हता, त्यानं तो शॉट एका घोटात संपवला.