रोजकीर्द आणि खतावणी: आकडे तेच, मग वह्या दोन कशाला?

जुन्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाबद्दल वाचताना या दोन वह्यांची गल्लत खूप जणांची होते, आणि होणारच, कारण व्यवहार तेच, रकमाही त्याच. फरक एवढाच की रोजकीर्द तारखेने चालते आणि खतावणी खात्याने.

1494 मध्ये व्हेनिसला लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचं गणिताचं पुस्तक छापलं गेलं, त्यात तिथल्या व्यापाऱ्यांची पद्धत अगदी बारकाईने दिलीये. आधी कच्ची वही, तिच्यात घडेल तसं लिहायचं, नाणं कुठलंही असो. मग त्यावरून रोजकीर्द. इथे सगळं एकाच चलनात आणायचं आणि नावे (डेबिट) काय, जमा (क्रेडिट) काय ते ठरवायचं. समजा रोखीने मिरी घेतली, तर मिरी नावे, मधे दोन तिरक्या रेघा, मग रोकड जमा. मला विचाराल तर खरं डोकं इथेच लागतं, पुढचं काम चिकाटीचं आहे.

खतावणीत ही एकच नोंद दोन ठिकाणी जाते, मिरीच्या खात्यात डावीकडे आणि रोकडीच्या खात्यात उजवीकडे. प्रत्येक माणसाचं, प्रत्येक मालाचं वेगळं खातं, आणि ते पटकन सापडावं म्हणून अक्षरवार सूची. नावेची बाजू खतावली की रोजकीर्दीतल्या नोंदीवर एक रेघ मारायची, जमेची खतावली की दुसरी, शिवाय खतावणीची पानंही समासात टाकायची, म्हणजे काय राहिलंय ते बघताक्षणी कळतं.

कुणी येऊन विचारलं की माझ्याकडे बाकी किती, तर रोजकीर्दीत महिनोन्महिने चाळत बसावं लागेल, खतावणीत एक पान उघडलं की झालं. पण त्यालाच शंका आली की ही रक्कम कधीची आणि कशाची, तर मूळ नोंदीसाठी रोजकीर्दच लागते.

आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. खतावणीच्या दोन्ही बाजूंची बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नाही, एकाची रक्कम चुकून दुसऱ्याच्या खात्यात पडली तरी बेरीज जुळतेच! म्हणून पाचोली सांगतो की दोघांनी बसायचं, एकाने रोजकीर्द वाचायची, दुसऱ्याने ती नोंद खतावणीत शोधून खूण करायची, आणि शेवटी बिनखुणेची नोंद उरली तर ती का उरली ते बघायचं.