आवाज पेडल दाबल्यावर येतो की सोडल्यावर?

कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डाबाहेर पिकअपची रांग लागते, तेव्हा त्यात पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्याही हमखास दिसतात. गाडी दोन फूट सरकते, थांबते, परत सरकते. वर ऊन, खाली धूळ, आणि ड्रायव्हरचा डावा पाय काही क्लचवरून हलत नाही. अशी गाडी कधी ना कधी गॅरेजला येते ती ‘क्लचमधून आवाज येतोय’ ही तक्रार घेऊन. मग घरघर की किरकिर यावर बराच खल होतो. माझ्या मते तो बहुतेक फुकट जातो. आवाज कसला आहे यापेक्षा तो कधी येतो, यावरून जास्त कळतं.

दोन भागांच्या वेगात फरक असला तरच ते एकमेकांवर घासतात. एकाच वेगाने सोबत फिरणारं बेअरिंग पार खराब झालेलं असलं तरी गप्प राहतं. क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग, पेडल दाबलं की तो जोड सुटतो. त्यामुळे पेडल दाबलं-सोडलं की नेमका हाच हिशोब बदलतो: इंजिनाबरोबर कोण फिरणार आणि कोण थांबणार.

गाडी सपाट जागी लावा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, इंजिन आयडलला (रेस न देता सुरू), गिअर न्यूट्रल. आता क्लचवरून पाय पूर्ण काढा. गाडी उभी असली तरी क्लच जोडलेलाच आहे, म्हणून गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (क्लचकडून आत येणारा दांडा) आणि त्याने फिरवलेला काउंटर शाफ्ट (गिअरबॉक्समधला जोडदांडा) दोन्ही फिरतायत. आत्ता घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती विरत असेल, तर या शाफ्टांची बेअरिंग तपासायची. घरघरीऐवजी नुसता खुळखुळाट असेल, तर क्लचप्लेटच्या, म्हणजे इनपुट शाफ्टवर बसणाऱ्या घर्षणाच्या चकतीच्या, मध्यावरच्या स्प्रिंगांकडे बघायचं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या मारताना सेकंदाला सुमारे 27 धक्के देतं. ते धक्के गिअरच्या दातांपर्यंत पोचू नयेत, हे त्या स्प्रिंगांचं काम. स्प्रिंगा सैल झाल्या की दात एकमेकांवर आपटतात.

आता पेडल हलकेच दाबा, क्लच सुटणार नाही इतपतच. याच वेळी किरकिर सुरू झाली तर ते रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग. प्रेशर प्लेटच्या (क्लचप्लेटला दाबून धरणाऱ्या, इंजिनाबरोबर फिरणाऱ्या भागाच्या) फिंगरना, म्हणजे तिच्या पोलादी पात्यांना, टेकलं की ते फिरायला लागतं आणि त्याच्यावर भार येतो. जुन्या केबलच्या क्लचमध्ये पेडलला थोडी मोकळी चाल ठेवतात ती यासाठीच, की एरवी बेअरिंगने फिंगरपासून दूर राहावं. रांगेत पाय पेडलवर टेकवून बसलं की बेअरिंग अखंड फिरत राहतं, तापतं, आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांच्या वर असतो, म्हणजे सुरुवातच गरम. असं बेअरिंग काढून हातात फिरवलं तर बोटांना खरखर जाणवते, आणि फिंगरच्या टोकांवर गोल चकचकीत खाच पडलेली दिसते.

पेडल तळाशी दाबून गाडी पहिल्यात टाकली की इनपुट शाफ्ट थांबतो, इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट मात्र फिरतच असतो. इनपुट शाफ्टच्या टोकाचं पायलट बेअरिंग या दोघांच्या मधे अडकलेलं, त्यामुळे ते खराब असेल तर आत्ता ओरडतं. रिलीज बेअरिंगही याच वेळी फिरतं, पण त्याचा आवाज गिअर न टाकताही येतो.

गिअर टाकतानाचं ‘खर्रर्र’ मात्र वेगळं प्रकरण आहे. चालत्या एसटीत चढणारा आधी दोन पावलं तिच्याबरोबर पळतो. गिअरबॉक्समधली सिंक्रो रिंग तेच करते, घर्षणाने दोन्ही बाजूंचे वेग जुळवते आणि मगच दात गुंततात. एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, खरखर होत असेल तर त्या गिअरची रिंग झिजलेली. सगळ्याच गिअरना होत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून रिव्हर्स इथे उत्तम साक्षीदार. क्लच दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही दात घासले तर इनपुट शाफ्ट अजून फिरतोय. हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा झटपट मारून परत बघा. आता गिअर मुकाट्याने पडला तर क्लचच्या तेलाच्या लाईनमध्ये हवा आहे किंवा क्लचचा सिलिंडर गळतोय, आणि गिअरबॉक्स उतरवायची गरजच नाही. एवढी तपासणी न करता थेट क्लच सेट बदलणारे मेकॅनिक मला पटत नाहीत.

पेडल सोडताना घासल्याचा आवाज आणि सोबत भरलेली गाडी चढाला स्लिप होत असेल, तर मात्र गाडी चालवू नका. क्लचप्लेटचं लायनिंग (घर्षणाचा थर) संपून ते धरून ठेवणारे रिव्हेट फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या टोकाच्या जड चाकाला, खरवडत असतात. तिथे निळे डाग दिसले तर पृष्ठभाग 300 अंशांच्या आसपास तापून गेलाय असं समजायचं.

संशय गिअरबॉक्सवर असेल तर तो उघडण्याआधी ऑइल एका पसरट भांड्यात काढा आणि उन्हात धरा. सोनेरी चुरा चमकला तर तो बहुतेक पितळी सिंक्रो रिंगचा. मग त्यात चुंबक फिरवा. बारीक काळसर लेप प्रत्येक जुन्या गाडीत निघतो, पण लोखंडी कपच्या चिकटून आल्या तर बेअरिंग किंवा दात तुटायला लागलेत.