डोनाटिव्हम

डोनाटिव्हम : रोमन सम्राटाने सैनिकांना, विशेषतः राज्यारोहणाच्या वेळी, दिलेली रोख बक्षिसी. नागरिकांना वाटलेल्या रकमेस ‘काँजिआरियम’ ही वेगळी संज्ञा होती. प्रजासत्ताक काळात विजयी सेनापती सैनिकांना पैसे वाटत. ऑगस्टसने (मृत्यू इ. स. १४) मृत्युपत्राद्वारे प्रीटोरियन रक्षकांना (सम्राटाच्या संरक्षक दलाला) प्रत्येकी १,००० सेस्टर्स (रोमन नाणे) ठेवले होते. ही दोन्ही उदाहरणे प्रथेचे मूळ म्हणून सांगितली जातात. तथापि मृत्युपत्रातील देणगी आणि गादीसाठी मोजलेली किंमत यांत फरक आहे.

जानेवारी ४१ मध्ये सम्राट कॅलिग्यूलाचा खून झाल्यावर रक्षकांनी क्लॉडियसला छावणीत नेले, तेव्हा त्याने प्रत्येकास १५,००० सेस्टर्स कबूल केले. पैशाने सैन्याची निष्ठा मिळवणारा हा पहिला सीझर (सम्राट), असे रोमन चरित्रकार स्विटोनिअस म्हणतो. ज्यू इतिहासकार जोसीफस ५,००० द्राख्मा (ग्रीक नाणे), म्हणजे २०,००० सेस्टर्स, हा आकडा देतो. जोसीफस काळाने घटनेला जवळचा असला, तरी शाही दप्तरात काम केलेल्या स्विटोनिअसचा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. रक्षकाचा वार्षिक पगार सामान्यतः ३,००० सेस्टर्स मानतात. त्या हिशेबाने ही पाच वर्षांची कमाई होते.

क्लॉडियसच्या दोन नाणेप्रकारांचा संबंध या प्रसंगाशी जोडतात. एकावर छावणीची तटबंदी व ‘इम्पेर रेसेप्ट’ (सम्राटाचा स्वीकार) हा लेख आहे. दुसऱ्यावर टोगा (रोमन नागरी वस्त्र) नेसलेला सम्राट ध्वजधारी सैनिकाशी हस्तांदोलन करताना दिसतो. ही नाणी मूळ वाटपासाठीच पाडली, असे एक मत आहे. परंतु ती पुढील काही वर्षेही निघत राहिली. क्लॉडियस राज्यारोहणाच्या वर्धापनदिनी रक्षकांना दरवर्षी १०० सेस्टर्स देई, असे इतिहासकार डिओ कॅशिअस नोंदवतो. १०० सेस्टर्स म्हणजे नेमके एक सोन्याचे ऑरियस. त्यामुळे काही नाणी तरी या वार्षिक देणगीसाठी असावीत.

नीरोनंतर सम्राट झालेल्या गॅल्बाच्या नावाने रक्षकांना प्रत्येकी ३०,००० सेस्टर्सचे वचन दिले गेले होते. सैनिक आपण निवडतो, विकत घेत नाही, असे म्हणून गॅल्बाने ते नाकारले आणि १५ जानेवारी ६९ रोजी तो मारला गेला.

मार्च १९३ मध्ये सम्राट पर्टिनॅक्सच्या खुनानंतर त्याचा सासरा सल्पिसिएनस छावणीच्या आतून आणि डिडियस ज्युलिएनस बाहेरून गादीसाठी बोली करीत होते. २०,००० वर बोली आली असता ज्युलिएनसने एकदम ५,००० वाढवले; आकडा तो ओरडून आणि बोटांनी दाखवत होता, असे डिओ सांगतो. डिओ त्या वेळी सेनेटर होता आणि ज्युलिएनसविषयी त्याचे मत वाईट होते. म्हणून ‘लिलाव’ हा शब्द जपून वापरावा. एरवीच्या गुप्त वाटाघाटी इथे उघड्यावर झाल्या, एवढेच म्हणता येते. ज्युलिएनस ६६ दिवस टिकला. त्याच्यानंतर सम्राट झालेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने जुने रक्षकदल बरखास्त करून आपल्या सैन्यातून नवे उभारले.

चौथ्या शतकात दर ठरून गेलेला दिसतो : ३६० मध्ये सम्राट ज्युलियनने प्रत्येकी पाच सॉलिडस (सोन्याची नाणी) आणि एक पौंड चांदी देऊ केली.