बरणीतली चिठ्ठी आणि गावातलं पाणी

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मी साताऱ्यात अनेकदा पाहिली आहे. बरणीत घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात आणि त्या काढायला एखादं शाळकरी पोर बोलावलेलं असतं. 'आमच्या गावाला महिला पडली' असं कुणी म्हणालं की मागून हमखास ऐकू येतं, "सही बाईची, कारभार नवऱ्याचा!" हे खरं की खोटं ते तपासता येतं, आणि तपासायचं साधन त्याच बरणीत आहे. मला याचं अजून अप्रूप वाटतं.

समजा, मतदारांनी खुल्या जागेवर आपणहून बाई निवडून दिली अशी गावं एकीकडे घेतली, पुरुष सरपंचांची दुसरीकडे, आणि पाण्याची कामं मोजली. बायांच्या गावांत पाणी जास्त निघालं, तर श्रेय कुणाचं? कदाचित ती गावं कराड-वाळव्याकडची, कृष्णाकाठची, उसाची, शिकलेली असतील. म्हणूनच तिथं बाई निवडून आली असेल आणि नळही आले असतील. उरलेली माण-खटाव, जत-आटपाडीकडची असतील. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ पासून उभी आहे. मला तिचा अभिमान आहे, पण जिद्दी बाया पुढे आल्या म्हणून ती उभी राहिली. तिच्यावरून सगळ्या गावांचा हिशेब मांडता येत नाही.

चिठ्ठी हा गुंता सोडवते. तिला ऊस दिसत नाही, भावकी दिसत नाही. चार गावं घ्या, दोन बागायती, दोन जिरायती. त्यांतली दोन महिलांसाठी काढायची तर ६ जोड्या शक्य आहेत, आणि त्यांतल्या २ जोड्यांत दोन्ही बागायती गावं एकाच ढिगात जातात. म्हणजे तीनात एकदा घोटाळा. आता दहा गावं घ्या, पाच बागायती. पाच गावं निवडण्याच्या रीती २५२, आणि बागायती-जिरायतीची पूर्ण फाटाफूट करणाऱ्या फक्त २. म्हणजे १२६ मध्ये एकदा. पूर्ण फाटाफूट नसली तरी थोडी असमानता उरतेच. ती गावांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे गावं चौपट केली की निम्मी होते. आणि ज्या फरकांचा आपल्याला पत्ताही नाही, तेही असेच आपोआप वाटले जातात. (सोडतीआधी देवाला कौल लावणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, चिठ्ठीला पत्रिका कळत नाही. ती कुणालाच ओळखत नाही, आणि तिचं सगळं मोल त्यातच आहे.)

राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी नेमकं हेच हेरलं. त्यांनी बंगालमधल्या बीरभूम आणि राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यांतल्या २६५ ग्रामपंचायती तपासल्या आणि २००४ मध्ये निष्कर्ष छापले. तिथली राखीव गावं गुणदोष न पाहता ठरली होती. कारभार सगळीकडे नवऱ्याचाच असता, तर दोन्ही ढिगांतला खर्च सारखा निघायला हवा होता. तो निघाला नाही. राखीव गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं होतं. उदयपूरमध्ये रस्त्यांची मागणी मुख्यतः पुरुषांची, तिथं बायांनी रस्त्यांवर कमी खर्च केला. बीरभूममध्ये बायांनाही रस्ते हवे होते, तिथं रस्ते वाढले. दुफ्लो यांना २०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कंपन्यांत अशी बरणी नसते. २०१३ च्या कंपनी कायद्यानं शेअर बाजारातल्या कंपन्यांना संचालक मंडळावर किमान एक महिला घ्यावी लागते. 'बाई आली की नफा वाढतो' असे तक्ते फिरतात, ते मला पटत नाहीत. आधीच भरभराटीला आलेली कंपनीच बायांना पुढे घेत असेल, तर? शिवाय खुर्चीवर बसायला पुरुषांना नफा वाढवायची अट कुणी घातली होती?

बंगालमध्ये पुढे आणखी एक प्रयोग झाला. पुढाऱ्याचं एकच भाषण कुठे पुरुषाच्या, कुठे बाईच्या आवाजात ऐकवलं. बाई प्रधान (म्हणजे तिथला सरपंच) कधीच न पाहिलेल्या गावांत बाईच्या आवाजाला कमी गुण पडले. जिथं बाईचा कारभार पाहिला होता, तिथल्या पुरुषांनी हा भेद केला नाही. पुढारी पुरुषच बरा, असं ते तोंडानं मात्र म्हणतच राहिले. तरीही दोनदा राखीव राहिलेल्या गावांत जागा खुली झाल्यावर जास्त बाया उभ्या राहिल्या, आणि जास्त निवडूनही आल्या.