उन्हाळा, घाट आणि तुमची गाडी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

आपल्याकडं अकोला-चंद्रपूरसारखा पारा पंचेचाळिशीला टेकत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी अडतीस-चाळीस, संध्याकाळी जरा वारा सुटतो, मध्येच एखादा वळीव येऊन जातो. त्यामुळं कोल्हापूरकर उन्हाळा फारसा मनावर घेत नाहीत. पण गाडी तापायला नुसतं ऊन लागत नाही. कोकणात जायचं तर घाट, जोतिबाला-पन्हाळ्याला जायचं तर चढण, त्यात सुट्टीचे पाहुणे आणि टपावर सामान. उद्यमनगरातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये उन्हाळ्यात टो होऊन येणाऱ्या गाड्या बहुतेक अशा फेरीतल्याच असतात. बऱ्याच गाड्यांची सुरुवात मात्र घरीच, रेडिएटरमध्ये पाणी ओतताना झालेली असते.

बोअरचं पाणी आणि कूलंट

कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी उतरली की नळाचं किंवा बोअरचं पाणी टाकून मोकळं व्हायची सवय अजून गेलेली नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनच्या आतल्या वाटांत थर धरतात. गंज चढतो, वॉटर पंपाचं सील खराब होतं. हिवाळ्यात हे कळत नाही, कारण इंजिनवर ताणच नसतो. मेमध्ये चढाला लागलात की कळतं.

साधं पाणी उघड्या भांड्यात शंभर अंशांना उकळतं. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, म्हणून इथं ते अठ्ठ्याण्णवच्या आसपासच उकळतं. चालू इंजिनमधलं कूलंट एरवीसुद्धा नव्वदीत असतं, म्हणजे हातात फार काही उरत नाही. इथं दोन गोष्टी कामाला येतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असलं की उकळबिंदू सहा-सात अंशांनी वर जातो. आणि रेडिएटरच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ (बार) असा आकडा असतो, तेवढा दाब टोपण आत धरून ठेवतं. प्रेशर कुकरसारखंच काम आहे ते. दोन्ही मिळून मिश्रण एकशेवीसच्या पुढंही उकळत नाही. म्हणूनच टोपणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग बसली, तर कूलंट चांगलं असूनही गाडी तापते. टोपण बदलायला फार खर्च येत नाही. पण तपासायला सांगणारा ग्राहक क्वचितच भेटतो.

कूलंट रंग बघून घेऊ नका. हिरवं, लाल, निळं हे ज्या त्या कंपनीच्या मर्जीवर असतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो प्रकार लिहिलाय तोच घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका. बाटलीवर ‘रेडी मिक्स’ लिहिलं असेल तर त्यात वर पाणी घालायचं नाही. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतणंही चूक, त्यानं उष्णता उलट कमी वाहून नेली जाते. आणि एक महत्त्वाचं : कूलंट चवीला गोडसर पण विषारी असतं. अंगणात सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, कुत्री-मांजरं चाटतात. उरलेलं पाण्याच्या बाटलीत भरून कधीही ठेवू नका.

पाचट आणि गुलाल

हे खास आपल्या भागाचं दुखणं. ऊसपट्ट्यातून फिरणाऱ्या गाडीच्या पुढच्या जाळीत पाचटाचे तुकडे, धूळ आणि पेटवलेल्या फडाची काजळी अडकते. जोतिबाची चैत्र यात्रा करून आलेल्या गाडीत गुलाल. एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागं रेडिएटर, दोन्हींच्या पत्र्यांत हे बसलं की हवा आरपार जात नाही. एसी गार करत नाही आणि इंजिनच्या तापमानाचा काटाही चढतो. आतून-बाहेरून हलक्या दाबानं पाणी मारून धुतलं की बऱ्याचदा काम होतं. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या फवाऱ्यानं मात्र पत्रे वाकतात, तो जवळून मारू देऊ नका. यात्रेहून आल्यावर केबिन फिल्टर काढून झटका, आणि काचेवरचा गुलाल कोरड्या वायपरनं पुसू नका. आधी पाणी.

काटा चढला तर

एसी बंद करा. काचा उघडा आणि हीटर पूर्ण गरम करून ब्लोअर मोठा ठेवा. मेच्या दुपारी हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच आहे. इंजिनची उष्णता तो तुमच्या अंगावर काढतो, इंजिन तेवढं हलकं होतं. तरी काटा खाली येत नसेल, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा बघून गाडी लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. “पुढच्या धाब्यापर्यंत जाऊ” म्हणून रेटलेल्या गाडीचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकतं, त्याखालचं गॅस्केट उडतं, आणि किरकोळ दुरुस्तीचं बिल इंजिनच्या कामापर्यंत जातं. नव्या बऱ्याच गाड्यांत काटाच नसतो, नुसता दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे. लाल म्हणजे थांबा.

गरम इंजिनचं टोपण उघडू नये, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही उघडलं जातं. दाबाखाली एकशेदहा अंशांवर असलेलं पाणी दाब सुटला की त्याच क्षणी उकळून बाहेर उसळतं. चेहरा आणि हात भाजतात. जाड फडकं धरलं म्हणून फरक पडत नाही. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा होज पाईप हाताला गार लागला की मगच टोपण सैल करा. तापलेल्या इंजिनवर किंवा आत एकदम गार पाणी ओतू नका, धातूला तडा जातो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

घाट : उतरताना आणि चढताना

करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली, आंबा. कोकणात जाताना परीक्षा ब्रेकची, परत येताना इंजिनची.

उतरताना ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून पेट्रोल वाचवायचा उद्योग करू नका. आजच्या इंजेक्शन इंजिनांत गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरताना तसंही इंधन जवळपास बंदच असतं. सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड तापून पकड सोडतात आणि ब्रेक ऑइल उकळू शकतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवीन डॉट ३ प्रकारचं ऑइल दोनशे अंशांच्या पुढं उकळतं, ओलावा धरलेलं एकशेचाळिसाला. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, रंग चांगला दिसत असला तरी.

चढताना गिअर वेळेवर खाली घ्या. वरच्या गिअरमध्ये कण्हत चढणारी गाडी जास्त तापते, कारण वॉटर पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो. गाडी भरलेली असेल तर शेवटच्या चढाला एसी थोडा वेळ बंद ठेवायला हरकत नाही. आणि दुपारी दोनला मालवणहून निघण्यापेक्षा सकाळी लवकर निघा.

टायर

उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा सल्ला चुकीचा आहे. कमी हवेचा टायर जास्त चेपतो, जास्त तापतो आणि महामार्गावर फुटतो तो बहुधा हाच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा आकडा धरा, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. दहा अंशांच्या फरकानं दाब दीड-दोन पीएसआय बदलतो, त्यामुळं चालवून आल्यावर वाढलेला दिसणारच. तो कमी करू नका. नायट्रोजन भरला तर चांगलंच, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, तेव्हा त्यासाठी वाट वाकडी करण्याची गरज नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. स्टेपनीवरचेही वाचा.

एसीबद्दल थोडं स्पष्ट

एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागत नाही. यंत्रणा बंदिस्त असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरून देणाऱ्याकडं तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जाल. उन्हात उभ्या गाडीत बसल्यावर पहिलं मिनिटभर काचा उघड्या ठेवून गाडी चालवा, मग काचा बंद करून आतली हवा फिरवायचं बटण दाबा. काळी फिल्म लावून घ्यायला येऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली त्यावर बंदी घातली आहे. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत आलाच पाहिजे. उभ्या गाडीला पुढच्या काचेमागं चंदेरी पडदा लावा, तो स्वस्त आणि कामाचा.

उभी गाडी आणि माणसं

बंद गाडीत तासाभरात बाहेरपेक्षा वीसेक अंश जास्त तापतं, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. महाद्वार रोडला “दोन मिनिटांत येतो” म्हणून मूल किंवा आजी-आजोबांना बंद गाडीत ठेवू नका. लायटर, डिओचा डबा, पॉवर बँक डॅशबोर्डवर नको. टाकी फुल्ल केली तर उन्हानं फुटते हा मेसेज खोटा आहे, पंपाची नळी आपोआप थांबते तिथपर्यंत भरा. सीएनजीवाल्यांनी टाकीची तीन वर्षांची चाचणी कधी आहे ते तेवढं बघावं.

दुपारी तांबडा-पांढरा दाबून खाल्ला असेल तर लगेच स्टिअरिंगवर बसू नका. रश्श्याला आमची काहीच हरकत नाही, पण त्यावर येणारी झोप आणि समोरचं तळपणारं डांबर यांची जोडी वाईट. पाणी जवळ ठेवा, पण उन्हात तापलेली बाटली नको.

तपासणीसाठी

१५ मार्चपासून कूलंटची पातळी, टोपण, होज पाईप, फॅन बेल्ट, रेडिएटरचा फॅन आणि बॅटरी एकदाच बघून देतो. वळवाआधी वायपरचं रबरही बघतो, उन्हात ते तडकतं. गाडी सकाळी, थंड असताना आणा. चालवत आणलीत तर टोपण उघडायला आम्हालाही पाऊण तास थांबावं लागतं, तेव्हा चहाला वेळ काढून या.