म्बिराची खरखर आणि कोणीच न वाजवलेले सूर

झिम्बाब्वेच्या स्टेला चिवेशे म्बिरा हे लोखंडी पट्ट्यांचं वाद्य शिकायला निघाल्या तेव्हा शिकवायला कोणी तयार होईना. काळ १९६०च्या दशकाचा, झिम्बाब्वे तेव्हा ऱ्होडेशिया होता. तिथल्या शोना समाजात हे वाद्य पुरुषांचं, आणि मिशनऱ्यांच्या लेखी ते भुताखेतांचं. अखेर नात्यातल्या एका आजोबांनी शिकवलं. १९७४ मध्ये ‘कासाहवा’ ही त्यांची पहिली रेकॉर्ड आली. २०२३ मध्ये त्या वारल्या, तोवर जग त्यांना म्बिराची राणी म्हणू लागलं होतं.

लाकडी फळीवर आडव्या दांडीखाली दाबून बसवलेल्या वीस-पंचवीस लोखंडी पट्ट्या, एवढंच हे वाद्य. दोन्ही अंगठे पट्ट्या खाली दाबून सोडतात, उजवी तर्जनी खालून वर छेडते. आवाज वाढावा म्हणून सगळं पोकळ भोपळ्यात अडकवतात.

सतार-गिटारसारख्या वाद्यातल्या तारेचा स्वर एक सप्तक चढवायचा तर तिची लांबी निम्मी करावी लागते. पट्टीची कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, मात्र लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, त्यामुळे १० सेंटिमीटरची पट्टी जेमतेम ७ सेंटिमीटर केली की सप्तक चढलं! म्हणून पट्टी दांडीखाली केसभर मागेपुढे सरकवूनही स्वर लावता येतो. शिवाय तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे येतात. एका टोकाला घट्ट धरलेल्या सरळ पट्टीचा पहिलाच उपस्वर सुमारे सव्वासहा पट. तो छेडताक्षणी टण्‌कन वाजतो आणि चटकन विरतो.

खरी गंमत खरखरीची. फळीवर शिंपले, हल्ली सोड्याच्या बाटलीची बुचं, मुद्दाम सैल लावतात. कंपनाबरोबर ती सतत आपटत राहतात आणि त्या बारीक टकरांतून उंच कंप्रतांचा झोत निघतो. नवख्याला वाटतं, रेकॉर्डिंगच बिघडलं. आपण तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी काढतो, त्यातही कंपणारी वस्तू मुद्दाम टेकवलेलीच असते. शोनांच्या रात्रभर चालणाऱ्या ‘बिरा’ विधीत या वाद्याने पूर्वजांना बोलावतात. तिथे बुचं काढून स्वच्छ आवाज मागणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा.

दोघं वादक बसले की एक मुख्य चाल धरतो, दुसरा तिच्या फटींत आपले स्वर पेरतो. आपला मेंदू भराभर येणारे स्वर हातांप्रमाणे नव्हे, तर स्वर किती उंच किंवा खालचा आहे त्याप्रमाणे गटांत लावतो. परिणामी दोघांपैकी कोणीही एकट्याने न वाजवलेली चाल स्पष्ट ऐकू येते, आणि शेजारच्या श्रोत्याला कदाचित वेगळीच. ऑस्ट्रियाचे संगीत-अभ्यासक गेरहार्ड कुबिक यांनी आफ्रिकी संगीतातल्या अशा चालींचा बारकाईने अभ्यास केला.

चिवेशेंच्याच पिढीतले गायक थॉमस मापफुमो यांच्या वादकांनी म्बिराच्या चाली इलेक्ट्रिक गिटारवर आणल्या. गिटारची तार फार वेळ घुमते, पट्टी लवकर थांबते. म्हणून ते तळहाताची कड तारांवर हलकेच टेकवून वाजवत.